ती खेळते तेव्हा घरातलं काम कोण करतं?

एका क्रीडा क्लबाचं पत्र आलंय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या क्लबात मुलींना फी नाही, बूट-जर्सी आम्हीच देतो, तरी तेराव्या-चौदाव्या वर्षी त्या गळतात. कष्टकरी वस्तीतल्या मुली तर वर्षभरही टिकत नाहीत. मुलींना मुळातच खेळाची आवड कमी असते का? आम्ही आणखी काय करावं? आणि त्यांना मुलांबरोबर खेळवावं की वेगळं?

आवडीचा मुद्दा आधी निकालात काढते. आवड नसती तर त्या आल्याच नसत्या. त्या येतात आणि मग गळतात, हे तुम्हीच लिहिलंय. जी गोष्ट सुरू होऊन थांबते, ती कोणीतरी थांबवलेली असते किंवा कशानेतरी अडवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती तपासली, तेव्हा पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुली ८५ टक्के निघाल्या आणि मुलगे ७८ टक्के. म्हणजे मुलगेही काही दिवसभर धावत नाहीत. पण हे आकडे पाहून ‘मुलग्यांना खेळाची आवडच नाही’ असं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

फी माफ केलीत हे चांगलंच. पण मुलीच्या खेळाचा मोठा खर्च पैशांत नसतोच, तो तासांत असतो. हे मला कळायला स्वतःची एक मोठी चूक करावी लागली.

पहिली काही वर्षं प्रशिक्षक म्हणून माझा नियम होता: महिन्यात तीनदा उशीर झाला की एक आठवडा सराव बंद. उशिरा आलेलीने मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. मुलांचा संघ मी याच नियमावर घडवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. मुलींचा संघ सुरू झाला तेव्हाही तोच नियम लावला, कारण ‘मुली म्हणून सवलत नाही’ हे वाक्य मला फार आवडायचं. वर्षभरात अकरा मुली गेल्या. पुढे एका अर्जासाठी खेळाडूंची कौटुंबिक माहिती भरायची होती, म्हणून जुनी हजेरीवही काढून बसले आणि प्रत्येक नावापुढे भावंडं किती ते लिहीत गेले. गेलेल्या अकरांपैकी नऊ जणी घरातल्या थोरल्या किंवा घरातली एकुलती एक मुलगी होत्या. धाकट्या मुली जवळजवळ सगळ्या टिकल्या होत्या.

मग घरोघरी गेले. सराव साडेचारला, धाकटा भाऊ शाळेतून येतो साडेचारला आणि आई कामावरून सुटते पाचला. एवढं साधं गणित. एक मुलगी रोज अंथरुणाला खिळलेल्या आजीला भरवून, तिचे कपडे बदलून धावत मैदानावर यायची, आणि मी तिला फेऱ्या मारायला लावत होते. ती मला कधी काही बोलली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, उशीर तर माझाच होता ना.”

सराव पावणेसहाला नेला. चौघी परत आल्या. सगळ्या आल्या असं सांगायला आवडलं असतं, पण सात जणींनी वर्षभरात स्वतःची दुसरी घडी बसवली होती आणि तिच्यात खेळाला जागा उरली नव्हती.

हे माझ्या मैदानापुरतं नाही. युनिसेफच्या २०१६ मधल्या आकडेवारीनुसार ५ ते १४ वयाच्या मुली घरकाम आणि पाणी-सरपणासारख्या कामांत त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात. जगभरचा मिळून हा फरक दिवसाला १६ कोटी तासांचा होतो. मोठ्यांचं चित्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये मांडलं: बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत बायकांचे दिवसाला ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांचा १ तास २३ मिनिटं. तुमचा सराव दीड तासाचा असेल. तो दीड तास मुलगा घरातून उचलून आणतो, मुलीला तो कोणाकडून तरी मागून आणावा लागतो.

विषमतेचा प्रश्न इथेच येतो. पैसेवाल्या घरात हा तास विकत घेता येतो. घरकामाला, मुलं सांभाळायला बाई ठेवली जाते, आणि त्या घरची मुलगी बिनघोर टेनिसला जाते. त्या घरी कामाला जाणारी बाई पुष्कळदा माझ्या खेळाडूची आई असते. आई तिकडे असते तेवढा वेळ आईच्या घरचं काम माझी खेळाडू करते. एका मुलीच्या खेळाचा तास असा दुसऱ्या मुलीच्या तासातून निघतो. ‘मुलींचा सहभाग वाढला’ असा आकडा कोणी दाखवला की मी आधी विचारते, कोणत्या घरांतल्या मुलींचा? सरासरी वर जात असताना तळाशी काहीच हललेलं नसू शकतं.

म्हणून ‘मुली का येत नाहीत’ हे विचारण्याआधी हे विचारा: ती मैदानावर असताना तिच्या वाट्याचं काम कोण करतं? उत्तर ‘कोणी नाही, ती परत गेल्यावर करते’ असं असेल, तर ती मुलगी दोन पाळ्या करतेय आणि काही महिन्यांत थकून जाणार, असं धरून चाला.

यावर क्लब बरंच करू शकतो. सरावाची वेळ आयांच्या कामाच्या पाळीवर ठरवा, शिक्षकांच्या किंवा तुमच्या सोयीवर नको. धाकट्या भावंडांना मैदानावर आणू द्या. एका कोपऱ्यात दोन चेंडू आणि लक्ष ठेवायला एक मोठी मुलगी, एवढ्यावर भागतं, फक्त त्या मोठ्या मुलीला मानधन द्या. हजेरीची अट ‘आठवड्यातून तीनदा’ अशी ठेवा, ‘सोमवार-बुधवार-शुक्रवार’ अशी नको. आणि कर्णधारपद देताना हजेरी हा एकमेव निकष ठेवू नका, कारण मग ते पद दर वर्षी रिकाम्या हातांच्या मुलीकडेच जातं. आमच्याकडे थोरल्या मुली कर्णधार झाल्यापासून संघाची भांडणं कमी झाली. घर चालवलेलं असतं त्यांनी.

आता मैदानाकडे वळते, कारण वेळेनंतरची दुसरी लढाई जागेची आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज हा फुटबॉलचा सामना झाला. त्याला सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते. डिक, करचा संघ प्रेस्टनमधल्या कारखान्यातला होता, पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवणाऱ्या कामगार मुलींचा. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांसाठी योग्य नाही आणि सदस्य क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ही बंदी सुमारे ५० वर्षं राहिली. ‘खेळू नका’ असं बजावायची त्यांना गरजच पडली नाही, मैदान काढून घेतलं की पुरे होतं. खेळणाऱ्या बायका उरल्या, पण बागांत आणि रग्बीच्या मैदानांवर, प्रेक्षक आणि गेटचे पैसे यांच्याविना. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ मध्ये सरकारी हुकूम निघाला आणि तो १९७९ पर्यंत टिकला. दोन-तीन पिढ्या मैदानाबाहेर ठेवायच्या आणि मग म्हणायचं, बायकांच्या फुटबॉलला परंपरा नाही.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधली गोष्टही त्याच जातीची. बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदाच झाली आणि जर्मनीच्या लिना राड्केने ती जागतिक विक्रमासह जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र धावपटू कशा कोसळल्या याची भडक आणि बरीचशी खोटी वर्णनं छापली. ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली, ती परत यायला १९६० उजाडलं.

तुमच्या क्लबात असा ठराव कोणी करणार नाही. पण मैदानाचं आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर लावून पाहा. संध्याकाळची चांगली वेळ कोणाकडे, दिव्यांचा भाग कोणाकडे, पाऊस पडला की सराव कोणाचा रद्द होतो, स्पर्धा जवळ आली की कोणाला ‘या आठवड्यात जरा बाजूला खेळा’ म्हणतात. मी बऱ्याच क्लबांची वेळापत्रकं पाहिली आहेत, आणि मुलींचा संघ बहुतेक ठिकाणी गोलपोस्टमागच्या पट्ट्यावर सापडतो.

जागेचा प्रश्न नुसत्या आराखड्यानेही सुटू शकतो, हे व्हिएन्नाने दाखवलं. तिथे १९९० च्या दशकात अभ्यास झाला आणि लक्षात आलं की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर सार्वजनिक बागांतून मुली दिसेनाशा होतात, मुलगे मात्र राहतात. कारण शोधलं तर बागेतला खेळ म्हणजे जाळीचा एक मोठा पिंजरा आणि त्याला एकच दार. आधी आलेल्या मुलग्यांनी तो व्यापला की त्या दारातून आत शिरायचं म्हणजे भांडण. १९९९ मध्ये दोन बागांची फेररचना केली: मोठी जागा लहान भागांत वाटली, दारं वाढवली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, पायवाटा सुधारल्या. मुली परत आल्या. मुलींना धीट करण्याची शिबिरं घेतली नव्हती, फक्त दारं वाढवली होती. माझ्या हाती सत्ता असती तर आत्मविश्वास वाढवण्याच्या व्याख्यानांचा सगळा निधी मी दारांवर आणि दिव्यांवर खर्च केला असता. आणि संडासांवर.

कारण तुमचं ‘तेरावं-चौदावं वर्ष’ पाळीचं वय आहे. मैदानावर दाराला कडी असलेला, पाणी असलेला, कचऱ्याचा डबा असलेला संडास नसेल तर महिन्यातले चार-पाच दिवस मुलगी येणार नाही. निवडीच्या दिवशी ते दिवस आले तर संघात नसेल, आणि संघात नसेल तर पुढच्या महिन्यात येईलच कशाला? पांढऱ्या चड्डीची धास्ती ही काही फक्त गरीब मुलींची नाही. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाची पांढरी चड्डी गेली आणि विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेत बायकांना आतून गडद चड्डी चालू लागली ती २०२३ मध्ये. एवढ्या मोठ्या खेळाडूंना एवढी वर्षं लागली, तर तुमच्या बारा वर्षांच्या मुलीने येऊन तुम्हाला हे सांगावं अशी अपेक्षा कशी करणार? गडद रंगाचा पोशाख आजच ठरवा, कारण विचारू नका.

अंगावरच्या कपड्यांचं म्हणाल तर स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, ते बुटांसारखंच साधन आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या दोन हजारांवर शाळकरी मुलींची पाहणी झाली, तिच्यात ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे त्यांच्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. पुरुष खेळाडूंसाठी लंगोटासारखा आधारपट्टा १८७४ पासून बाजारात आहे. स्पोर्ट्स ब्रा आली १९७७ मध्ये, आणि तिचा पहिला नमुना दोन आधारपट्टे एकत्र शिवून केलेला होता. तुम्ही बूट-जर्सी देता असं लिहिलंय, त्या यादीत हे घाला. वाटप मात्र एखाद्या बाईच्या हातून, बंद खोलीत करा.

निवड चाचणीबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. चाचणीत ‘गुणवत्ता’ म्हणून आपण जे मोजतो, ते बहुतेक वेळा आधी खेळून झालेले तास असतात. सहाव्या वर्षी पोहायला, आठव्या वर्षी टेनिसला गेलेली मुलगी बाराव्या वर्षी चपळ दिसणारच. तिच्याशेजारी अकराव्या वर्षी पहिल्यांदा चेंडूला पाय लावलेली मुलगी उभी करायची आणि निकाल लावायचा, याला मी निवड म्हणत नाही. मोफत प्रवेश आणि कडक चाचणी हे दोन्ही एकत्र ठेवलं की तुमच्या मोफत जागा सुस्थितीतल्या घरांतल्या मुलींना मिळतात. पहिला हंगामभर चाचणी नको, सगळ्यांना सामने खेळू द्या. दुसऱ्या हंगामात कोण किती सुधारलं ते पाहून ठरवा. मला सापडलेल्या सगळ्यात चांगल्या दोन बचावपटू पहिल्या महिन्यात चेंडू हाताने धरत होत्या.

मग शिट्टी कोणाच्या हातात आहे ते पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंना पहिल्यांदाच समान जागा दिल्या गेल्या. त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांतल्या बायका होत्या अवघ्या १३ टक्के. अमेरिकेचा अनुभव याहून शिकण्यासारखा आहे. तिथे १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करायला बंदी झाली. माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, त्या पुढे तीस लाखांवर गेल्या. जबरदस्त यश. पण त्याच काळात महाविद्यालयांतल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत बायकांचं प्रमाण ९० टक्क्यांहून ४० टक्क्यांच्या आसपास घसरलं. पद फुकटचं होतं तोवर बायका करत होत्या. त्याला पगार आणि मान आला तशी पुरुषांची रांग लागली. तुमच्याकडेही मुलींच्या संघाचं काम ‘सेवा’ म्हणून एखादी बाई करत असेल आणि मुलांच्या संघाला पगारी कोच असेल, तर हा इतिहास तुमच्या दारात उभा आहे. तिला पगार आजच सुरू करा, आणि पद मोठं झालं की तिलाच ठेवा.

केनियातल्या किलिफीत ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ ही संस्था २००१ पासून मुलींसाठी फुटबॉल चालवते. तिथे मुली खेळतातच, शिवाय पंच, प्रशिक्षक, प्रथमोपचार करणाऱ्या आणि मैदानाचा कारभार पाहणाऱ्याही मुलीच असतात. खेळाडू म्हणून पुढे न जाणाऱ्या मुलीलाही मैदानावर यायला कारण उरतं. सोळाव्या वर्षी ‘तू संघात नाहीस’ एवढंच ऐकलेली मुलगी घरी जाते. ‘तू संघात नाहीस, पण धाकट्यांचा सामना तू चालवायचा आहेस’ असं ऐकलेली दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन हजर असते.

सुरक्षिततेवर थोडक्यातच लिहिते, पण ते वगळू नका. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींनी न्यायालयापुढे आपली कहाणी मांडली. त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं कोणी ना कोणी बोलत होतं, ऐकलं मात्र गेलं नाही. जिची शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवासखर्च, सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, तिला तक्रार करणं सगळ्यात महाग पडतं. म्हणून मोठ्या माणसाने एकट्या मुलीला कुठेही न्यायचं नाही, तक्रार क्लबाबाहेरच्या व्यक्तीकडे करता आली पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्या मुलीचा खर्च थांबणार नाही हे आधी लेखी दिलेलं हवं. ही शेवटची अट बहुतेक क्लब विसरतात.

आयांबद्दल. पालकसभेला बाप येतात, मान डोलावतात आणि जातात. परवानगी पुष्कळदा त्यांच्या नावाने मिळते, पण मुलीचा तास आईच सोडून देते. मी सभा बंद केल्या आणि आयांसाठी आठवड्यातून एक तास मैदान मोकळं ठेवलं. कवायत नाही, भाषण नाही, रिंग फेका, धावा, बसा. पहिल्या महिन्यात तिघी आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. वर्षाने पंचवीस-तीस होत्या. ज्यांच्या आया खेळायला यायच्या त्या मुलींची गळती त्या वर्षात सगळ्यात कमी होती. एका आईने मला सांगितलं होतं, तिला लग्नाआधीची आपली धावायची सवय आठवली, आणि मग मुलीला ‘आज नको जाऊ’ म्हणताना तिची जीभ अडायला लागली.

राहिला मुलांबरोबर की वेगळं हा प्रश्न. दहा-अकरा वर्षांपर्यंत एकत्र, बिनधास्त. त्यापुढे सराव दोन्ही प्रकारचा ठेवा: आठवड्यातले दोन दिवस फक्त मुली, एक दिवस मिश्र, आणि मिश्र दिवशी कुठे खेळायचं ते मुलीला ठरवू द्या. ज्या घरातून मुलग्यांबरोबर खेळायला मनाई आहे त्या घरच्या मुलीसाठी मुलींचे दोन दिवस पुरेसे धरा, तिसऱ्या दिवसाची गैरहजेरी मांडू नका. आणि मिश्र सामन्यात ‘मुलीचा गोल दोन धरायचा’ असले नियम करू नका. मी एकदा केला होता. मुलींनी अर्ध्या सामन्यातच येऊन तो काढायला लावला.

पण यातलं काहीही सुरू करण्याआधी गेल्या तीन वर्षांची हजेरीवही काढा, गळलेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे ती घरातली कितवी आणि आई कामावरून किती वाजता सुटते ते लिहा. माहीत नसेल तर जाऊन विचारा. तो कागद समोर ठेवून वेळापत्रक करा.